बंद घरातून येणारा बॉल

बॉल अंगावर आला की माझी मुलगी डोळे मिटायची. शाळेतल्या खेळाच्या सरांनी मला फाटकापाशी थांबवून हे सांगितलं, ते असं की जणू मीच तिला घरी तसं शिकवते. डोळे मिटते, डावा खांदा वेळेआधी उघडते आणि पाय मागे घेते. सॉफ्टबॉलची बॅट म्हणजे कुत्री हाकलायची काठी नव्हे, असंही वर ऐकवलं. एवढं सुधारलं तर बीडला जिल्हा संघाच्या निवडीला नेऊ, नाहीतर नाही. मला राग आला, पण माणूस खोटं बोलत नव्हता. आदल्या वर्षी एक बॉल तिच्या गालावर बसला होता, तेव्हापासून तिच्या अंगात भीती शिरली होती.

त्या निवडीवर आमच्या घराचं बरंच काही टांगलेलं होतं. आमची वस्ती शिरूर कासार तालुक्यातली. दिवाळी सरली की ट्रॅक्टर येतात आणि घरंच्या घरं ऊस तोडायला कारखान्यांवर जातात, तिथे कोप्या म्हणजे पाचटाच्या झोपड्या घालून राहतात. त्या कामात माणूस एकटा धरत नाहीत, नवरा-बायको मिळून एक कोयता. लग्न झाल्यापासून मी त्या कोयत्याची अर्धी बाजू होते. यंदा मात्र मी जाणार नाही म्हणाले. पोरगी सातवीत आहे, खेळते आहे, मी मागे राहून ब्लाउज शिवीन. नवरा अर्धा कोयता म्हणून गेला, मुकादमाची बोलणी खात गेला. जाताना त्याने एकच बजावलं, की निवड झाली नाही तर दोघींनी मुकाट्याने कारखान्यावर यायचं. एकदा ऊसतोडीला गेलेली मुलगी परत शाळेत कशी येते ते मी बघितलेलं आहे. ती येतच नाही. तिचं लग्न लावून देतात, कारण नवीन जोडपं म्हणजे नवीन कोयता.

समोरच्या घरात यंदा तेच झालं होतं. त्यांची मुलगी माझ्या मुलीच्याच वर्गातली, शाळेच्या संघात बॉल टाकणारी, डावखुरी. दुपारी माझ्याकडे हातशिलाई शिकायला यायची आणि शिवण्यापेक्षा हसायची जास्त. हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर तिचं लग्न उरकलं. आम्हीही जेवून आलो. ती नवऱ्याच्या टोळीबरोबर लांबच्या कारखान्यावर गेली, आईबाप दुसऱ्या कारखान्यावर गेले आणि जाताना घराची किल्ली माझ्याकडे ठेवून गेले. आमच्याकडे मागे राहणाऱ्याकडे किल्ली देतात, पण ती वापरायची नसते. घरवाल्याने सांगितल्याशिवाय कुलूप काढायचं नाही आणि त्याच्या अंगणात पाय टाकायचा नाही, ही वस्तीची रीत.

भरल्या वस्तीत राहणाऱ्याला रिकामी वस्ती काय असते ते कळायचं नाही. मलाही माहीत नव्हतं, कारण दरवर्षी मी जाणाऱ्यांत असायचे. दाराला कुलूप, कुलपाला गंजू नये म्हणून तेलाची चिंधी गुंडाळलेली, असं ओळीने. वरच्या अंगाला दोन म्हाताऱ्या आणि त्यांच्या शेळ्या, बाकी सगळं गप्प. दुपारी पत्रे तापले की तडतडतात, आणि दर वेळी वाटतं बंद घरात कुणीतरी उठून बसलं. पहिले काही दिवस कुत्री आपापल्या दाराशी बसून राहिली. मग एकेक गावाकडे पांगली. समोरच्या घराचं कुत्रं तेवढं हललं नाही. ते कुलपाकडे तोंड करून बसायचं आणि मधूनच शेपूट हलवायचं.

आम्ही मायलेकी घराशेजारच्या पडीक तुकड्यावर सराव करायचो. शाळेने बॅट घरी न्यायला दिली होती, बॉल नाही. मग मी जुन्या मोज्यांत ब्लाउजच्या चिंध्या ठासून बॉल शिवले, लाल, पोपटी, मोरपंखी, सापडायला सोपे. बॉल टाकायचं काम माझ्याकडे. माझा एक बॉल तिच्या पायाशी पडायचा तर दुसरा डोक्यावरून जायचा. मम्मी, तू बाजूला हो, मी झाडालाच मारते, असं ती म्हणायची. मी बॅट काढून घेईन अशी धमकी द्यायचे. असं आमचं शिक्षण चाललं होतं.

खेळातलं मला कळत नव्हतं, पण बाही कळते. हात फिरवताना तिच्या शर्टाला बगलेपासून छातीपर्यंत ओढ बसायची. म्हणजे हात अंगापासून आधीच सुटत होता आणि खांदा त्याच्यामागे ओढला जात होता. मी तिच्या डाव्या बगलेत कापडाचा एक तुकडा धरायला दिला. बॅट बॉलला लागेपर्यंत तो पडता कामा नये. पहिल्या दिवशी तुकडा प्रत्येक वेळी खाली. मातीत मळून मळून तो पोतेऱ्यासारखा झाला, आणि डोळे तर ती मिटतच होती. मी ओरडले की आणखी घट्ट मिटायची. संध्याकाळी चूल पेटवताना मला नवऱ्याची अट आठवायची.

समोरच्यांच्या अंगणाची भिंत आमच्या पडिकाच्या बाजूला खचली होती. त्या खिंडाराला त्यांनी जाताना बोरीच्या काट्या लावल्या होत्या. पलीकडे गुरांचं छप्पर, घराचं मागचं दार त्याच्यातच उघडायचं, आणि आत भर दुपारीही काळोख. मुलीचा कसाबसा लागलेला बॉल नेमका तिकडे जायचा. अंगणात पाय टाकायचा नाही म्हणून आम्ही सोडून द्यायचो. मग एका सकाळी आदल्या दिवशी गेलेला पोपटी बॉल माझ्या ओट्यावर होता. मी म्हटलं कुत्र्याने आणला असेल. दुसऱ्या सकाळी लाल. कुत्र्याच्या तोंडातला बॉल ओला असतो, चावलेला असतो. हे कोरडे होते, आणि उंबऱ्याला लागून नीट मांडलेले होते. मी मुलीला विचारलं. ती म्हणाली, कुत्रंच आसंल. तिने माझ्याकडे न बघता वेणी घालायला घेतली.

त्याच दिवसांत तिची भूक वाढली. दोन भाकरी खाणारी पोर चार नेऊ लागली, तेही बाहेर उन्हात बसून खाते म्हणून. मला बरंच वाटलं. खेळणाऱ्या पोराला भूक लागायचीच.

एका बाजारच्या दिवशी मी शिवलेले ब्लाउज द्यायला शिरूरला गेले. मुलगी पाय दुखतो म्हणून घरी राहिली. परत येताना वस्तीच्या अलीकडेच मला बॅटचा आवाज ऐकू आला. मोज्याच्या बॉलचा आवाज दबका येतो, धप्प. थोडं थांबून पुन्हा धप्प. झाडाला मारताना असं होत नाही, तेव्हा मध्ये बॉल शोधायला वेळ जातो. हा आवाज कुणीतरी समोरून बॉल टाकत असल्याचा होता. मी पिशवी काखेत धरून पाय उचलले.

बांधाच्या कडेने मला ती दिसली. खिंडाराकडे तोंड करून उभी होती, गुडघे किंचित वाकलेले, बॅट खांद्यामागे. छपराच्या काळोखातून, काट्यांच्या वरून, एक मोरपंखी बॉल आला. हळू, खालून वर उचलल्यासारखा. मुलीचे डोळे उघडे होते. खांदा जागेवर राहिला, कंबर फिरली, बॉल लांब गेला आणि बगलेतला तुकडा त्यानंतर खाली पडला. इतके दिवस मी जे घसा फोडून सांगत होते ते सगळं तिने एका दमात केलं. दाराला कुलूप होतं, चिंधी जशीच्या तशी होती, आणि ते बंद घर माझ्या मुलीला बॉल टाकत होतं.

मी हाक मारली. छप्पर गप्प झालं. काट्यांपलीकडे काही हललं नाही. मुलगी म्हणाली, मी भिंतीला मारत होते, बॉल परत येत होता. चिंध्यांचा बॉल भिंतीवरून परत येत नाही, हे तो शिवणारीला सांगायचं म्हणजे कमालच. तिचा हात धरून घरात नेलं आणि दिवसाउजेडी कडी लावून घेतली.

दुसऱ्या सकाळी ओट्यावर लाल बॉल होता. तो आदल्या आठवड्यात उसवला होता, चिंध्या बाहेर आल्या होत्या, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. आता तो शिवलेला होता. मी उजेडात धरून बघितला. दोरा पिवळा, माझ्या घरात तसा दोरा नाही. टाके बारीक, एकसारखे आणि सगळे उलट्या अंगाला झुकलेले. तसा टाका डाव्या हाताने पडतो. आमच्या वस्तीत डाव्या हाताने शिवणारी एकच होती. तिला शिकवताना मला समोर बसून सगळं उलटं करून दाखवावं लागायचं. ती तर लांबच्या कारखान्यावर होती.

त्याच संध्याकाळी तिच्या बापाचा फोन आला. एरवी तो घराची चौकशी करायला फोन करायचा, कुलूप आहे ना, पत्रा उडाला नाही ना. त्या दिवशी घराचं नावही काढलं नाही. पोरगी नवऱ्याच्या टोळीतून निघून गेली होती, बरेच दिवस झाले होते. तिकडच्या लोकांनी त्याला आत्ता कळवलं होतं. विहिरी बघितल्या, कॅनॉलच्या कडेने माणसं हिंडली, काही लागलं नाही. तिकडं आली न्हाई ना, वैनी, असं त्याने विचारलं, आणि मी नाही म्हणाले. ते खरंच होतं, कारण मी कुणाला बघितलंच नव्हतं. विहिरीत गेलेल्या आणि कधीच ठाव न लागलेल्या पोरी मी ऐकून होते. हळद पिवळी असताना गेलेली बाई माहेराचं दार सोडत नाही, असं आमच्यातल्या बायका भाकऱ्या थापता थापता बोलतात. मी त्या बोलण्याला हसणारी होते. त्या संध्याकाळी समोरचं कुत्रं कुलपाकडे बघून शेपूट हलवत होतं, आणि मला हसू आलं नाही.

मी मुलीला पडिकात जायला बंदी केली. ती भांडली नाही, नुसती बसून राहिली, कान समोरच्या घराकडे लावून. भाकरी मात्र ती चारच घ्यायची. दोन कुठे जातात ते बघायचं धाडस माझ्यात नव्हतं. मेलेल्या माणसाला आपण घास ठेवतो, तो माहेरच्या अंगणात ठेवला तर काय बिघडलं, अशी मी स्वतःची समजूत काढत होते. माझी पोरगी कुणाच्या हातचं शिकली हा विचार मात्र मी पुढे जाऊ देत नव्हते. निवड दोनच दिवसांवर होती. निवड झाली तर ती ऊसतोडीतून वाचणार होती, आणि नाही झाली तर या घरासमोरून तरी सुटणार होती. मला काय हवं होतं हेच मला कळेना.

बीडला जाताना एसटीत मी तिला विचारलं, तुला बॉल कोण टाकतं. तिने खिडकीतून नजर न काढता उत्तर दिलं, "कुणी न्हाई." मी शपथ घालायला गेले तर म्हणाली, शपथ मी आधीच दुसरीला दिलीय. पुढे मी विचारलं नाही. मला ऐकायचंच नव्हतं.

मैदानावर तिने डोळे मिटले नाहीत. समोरची पोरगी तिच्यापेक्षा हातभर उंच, बॉल खरा, कातडी. पहिला हुकला. दुसऱ्याला तिने पाय रोवला आणि बॅटचा असा आवाज आला की तंबूतली माणसंही वळून बघू लागली. तिचं नाव यादीत आलं. सरांनी माझ्याजवळ येऊन विचारलं, आठ-पंधरा दिवसांत एवढा फरक कसा पडला, तयारी कुणी करून घेतली. मी म्हणाले घरीच केली. मुलीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकली. मला आनंद झाला होता, खूप झाला होता, पण त्या आनंदाखाली काहीतरी थंड बसलेलं होतं.

वस्तीवर उतरलो तेव्हा दिवस मावळत होता. मी नवऱ्याला फोन लावत होते तेवढ्यात ही पळाली. घराकडे नाही, थेट खिंडाराकडे. काट्यांजवळ जाऊन हळूच म्हणाली, "झालं गं. घेतलं मला." छपरातून टाळी वाजली. एकच. मी धावत जाऊन तिला मागे ओढलं. काळोखात दोन पावलं मागे सरकल्याचा आवाज आला आणि कुठेतरी आत कडी लागली. त्या रात्री मुलगी माझ्या कुशीत झोपली आणि मी किल्ली मुठीत धरून पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी समोरच्याचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता, एकेक शब्द मोजून टाकत होता. म्हणाला, "वैनी, पोरीच्या सासरचे पाव्हणे आलेत कोपीवर. मुकादम बी हाय. फोन समद्यांना ऐकू येतोय. त्यांचं म्हणणं हाय, पोरगी घराकडंच आली आसंल. किल्ली तुमच्याकडं हाय. फोन चालू ठिवा, कुलूप काढा आन् काय हाय ते सांगा."

आता घरवाल्यानेच सांगितलं होतं. माझी मुलगी दारात आडवी झाली आणि मम्मी नको म्हणून माझा पदर धरला. मी तिला बाजूला केलं. फोनचा आवाज मोठा करून तो कमरेला खोचला. चिंधी सोडली. कुलूप निघालं. कुत्रं माझ्याआधी आत गेलं.

आत बंद घराचा वास होता, आणि त्यात शिळ्या भाकरीचा. माझा डोळा काळोखाला सरावला तेव्हा ती कणगीच्या पलीकडे भिंतीला चिकटून उभी दिसली. लग्नातलीच साडी, रंग गेलेला. गळ्यात मणी. गाल आत गेलेले, केसांत माती. डाव्या हातात माझा पोपटी बॉल. ती हलत नव्हती. श्वास घेते की नाही ते दिसत नव्हतं, नुसती माझ्याकडे बघत होती. कुत्रं तिच्या पायाशी जाऊन बसलं, पण कुत्र्यांना तसलंही दिसतं म्हणतात.

कमरेच्या फोनातून कुणीतरी अनोळखी पुरुष खेकसला, बोला की बाई, हाय का पोरगी.

मी तिच्याकडे बघत बघत म्हणाले, "कुणी न्हाई. जळमटं लागलीत नुसती."

खरं सांगते, ते बोलताना मी खोटं बोलतेय की नाही हे मला ठाऊक नव्हतं. त्या पुरुषाने मागची खोली बघा म्हणून सांगितलं. मी जागेवरच दोनदा पाय आपटले आणि बघितली म्हणाले. तिकडे कुजबूज झाली, शिव्या झाल्या, कुणीतरी उठून गेल्यासारखं वाटलं. मला तिच्या बापाचा संताप आला. पोर जिवंत आहे की मेली याची चौकशी करायची सोडून हा चारचौघांत बसून कुलूप उघडायला लावतो. फोन तोडायला मी हात कमरेला नेला, तेवढ्यात तो पुन्हा बोलला.

"बरं झालं, वैनी. मंग आता एक काम करा. कणगीत ज्वारी हाय, ती किडंल. तुमी दळून आणत जा."

मी हं म्हणाले.

"आन् पेटीत वाकळ हाय, पोरीच्या मायनं शिवलेली. उंदरं लागत्याल. काढून बाहीर ठिवा." मग हळू आवाजात म्हणाला, "थंडी लई पडलीय, वैनी. रातीची लई पडती."

भिंतीजवळच्या त्या पोरीच्या हातातून बॉल गळून पडला. तिने दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं आणि ती खाली बसली, पण आवाज फोनपर्यंत जाऊ दिला नाही. मेलेल्याला आवाज दाबायची गरज नसते. मी फोन तसाच चालू ठेवला, पेटीपाशी गेले आणि झाकण जोरात उघडलं, तिकडे त्याला कडीचा आवाज ऐकू जाईल इतक्या जोरात.